कॅसरोल घ्या, पण आधी झाकण बघा

प्रश्न : घरात आम्ही पाच माणसं, पण जेवायच्या वेळा चार. आई सातला जेवतात, आम्ही दोघं नऊच्या सुमारास, मुलगी दहा-साडेदहाला, आणि मुलाची दुसरी पाळी असली की तो पार मध्यरात्री घरी येतो. स्वयंपाक मात्र एकदाच, सात वाजता उरकतो. पुन्हा पुन्हा गरम करून अन्नाची चव जाते, म्हणून कॅसरोल घ्यायचं मनात आहे. तीन नगांचा प्लॅस्टिकचा सेट स्वस्तात मिळतोय. जवळजवळ तेवढ्याच पैशांत स्टीलचा एकच येतो. एकावर ‘आठ तास गरम’ लिहिलंय, दुसऱ्यावर ‘बारा तास’. काचेच्या झाकणाचाही एक आवडलाय. फार खर्च करणं शक्य नाही. आधीचा कॅसरोल वास यायला लागला म्हणून टाकून दिला, नव्याचंही तेच होईल का? काय घेऊ? – एक वाचक

उत्तर : सेट घेऊ नका. एकच घ्या, आतून स्टीलचा, तुमच्या मापाचा आणि जाड झाकणाचा. आणि मुलाचं जेवण त्यात ठेवू नका, मग डब्यावर आठ तास छापलेले असोत की बारा.

आधी मुलाचं बोलू. पत्र वाचताना पहिली काळजी त्याच्या ताटाचीच वाटली. कॅसरोल अन्न गरम करत नाही. आत असलेली उष्णता बाहेर पडायला उशीर लावतो, एवढंच त्याचं काम. म्हणजे झाकणाखाली अन्न थंड होतच असतं, फक्त सावकाश. त्या थंड होण्याची एक ठरलेली चाल आहे. अन्न आणि खोली यांच्या तापमानात जितका फरक जास्त, तितकी घसरण वेगानं. न्यूटनच्या नावाचा हा नियम आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेला असतो आणि परीक्षा झाल्यावर विसरलेला असतो. ९० अंश सेल्सिअसचं अन्न २५ अंशांच्या खोलीत ठेवलं तर सुरुवातीचा फरक ६५ अंशांचा. तो निम्म्यावर आला, म्हणजे अन्न साधारण ५७ अंशांपर्यंत उतरलं, की घसरणीचा वेगही निम्मा होतो आणि पुढे मंदावतच जातो. म्हणून कोणत्याही कॅसरोलमध्ये अन्न कढत राहतं थोडा वेळ आणि कोमट राहतं पुष्कळ वेळ. डब्यावरच्या ‘आठ तासां’तले बरेचसे तास या कोमटपणाचेच असतात.

जिभेला कोमट चालून जातं. जिवाणूंना तर ते फारच मानवतं. शिजवलेल्या अन्नात ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजण्याच्या उष्णतेतूनही तगून राहू शकतात. हा जिवाणू ४३ ते ४७ अंशांच्या आसपास सर्वांत जोमानं वाढतो, आणि सगळं त्याच्या सोयीचं असेल तर दहा मिनिटांच्या आत दुप्पट होतो. भातात ‘बॅसिलस सेरियस’ या दुसऱ्या जिवाणूची भीती असते. त्याच्या एका प्रकाराचं विष तर पुन्हा गरम केल्यानंही नष्ट होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सोपा आहे : शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत गरम ठेवायचं असेल तर ६० अंशांच्या वर ठेवा, साठवायचं असेल तर ५ अंशांच्या खाली, आणि बाहेर नुसतं दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका. सातला भरलेला कॅसरोल मध्यरात्री उघडला, तर मधले कितीतरी तास अन्न याच मधल्या पट्ट्यात गेलेलं असणार. चांगला कॅसरोल ते तिथे जास्तच वेळ धरून ठेवतो, हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच आहे.

तेव्हा मुलाचा वाटा सातलाच वेगळा काढा. पसरट, उथळ डब्यात काढलात तर लवकर निवेल. वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये ठेवा. तो आल्यावर फक्त तेवढंच अन्न, वाफा येईपर्यंत, नीट ढवळत गरम करायचं. एकदाच गरम होणार असल्यानं तुम्हाला खटकणारा चवीचा प्रश्नही फारसा उरत नाही. यात एक चूक सर्रास होते, ती टाळा : अन्न भरलेला कॅसरोलच उचलून फ्रिजमध्ये ठेवायचा. जी भिंत उष्णता बाहेर जाऊ देत नाही, ती फ्रिजचा गारवाही आत येऊ देत नाही. अन्न फ्रिजमध्ये असूनही तासन् तास कोमट राहतं.

मध्यरात्रीचं ओझं असं उतरलं, की कॅसरोलकडून तुमची अपेक्षा फक्त नऊपर्यंतची, जमलं तर साडेदहापर्यंतची राहते. दोन ते साडेतीन तास. एवढ्यासाठी महागातला महाग डबा लागत नाही.

आता खरेदीचं. दुकानात सगळे भिंतीबद्दल बोलतात, आत काय भरलंय, किती पदरी आहे. मी म्हणेन, आधी झाकण हातात घ्या. गरम अन्नातून उष्णता जाण्याची सर्वांत मोठी वाट म्हणजे वाफ. पाण्याची वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते, आणि ती उष्णता मागे उरलेल्या अन्नातूनच खेचली जाते. हिशोब करून बघा : अर्धा लिटर पातळ पदार्थातून अवघं एक ग्रॅम पाणी वाफ होऊन निसटलं, तर उरलेल्याचं तापमान साधारण एका अंशानं खाली येतं. एक ग्रॅम म्हणजे चमचाभरही नाही! सैल झाकणाच्या कडेनं जी बारीक वाफ निघताना दिसते, ती अशी महागात पडते. शिवाय गरम हवा आणि वाफ वरच चढतात, म्हणजे सगळा मारा झाकणावर. भिंत कितीही जाड असली आणि झाकण पातळ, एकपदरी असलं, तर पैसे भिंतीत वाया गेले म्हणायचे.

म्हणून झाकण उचलून बघा. हाताला जाड, भरीव लागायला हवं. आतल्या बाजूनं स्टीलचा किंवा गुळगुळीत पत्रा आणि वरच्या कवचामध्ये फोम भरलेला असावा. बोटानं टिचकी मारा. भांड्याच्या भिंतीवर टिचकी मारल्यावर येतो तसाच बद्द आवाज झाकणाचाही आला तर उत्तम; झाकण रिकाम्या डब्यासारखं वाजलं तर आत नुसती हवा आहे. काठावर सिलिकॉनची रिंग असेल आणि फिरवून किंवा खटका दाबून झाकण घट्ट बसत असेल, तर त्या डब्याला माझ्याकडून दोन गुण जास्त. रिंग सुटी होते का तेही बघा, त्याचं कारण वासाच्या मुद्द्यात येईल.

काचेच्या झाकणाचा मोह समजू शकतो. आत काय आहे ते न उघडता दिसतं आणि टेबलावर शोभून दिसतं. पण साधी एकपदरी काच उष्णता अडवण्यात अगदीच कमी पडते. पाहुण्यांसमोर अर्धा तास मांडायचं असेल तर बिनधास्त घ्या. तुमचं काम त्यानं होणार नाही.

भिंतीचे तीन प्रकार बाजारात भेटतील. पहिला, दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये नुसती हवा. स्थिर हवा खरं तर उष्णतेची फार वाईट वाहक आहे, पण मोकळ्या पोकळीत ती स्थिर राहत नाही. गरम बाजूची वर चढते, थंड बाजूची खाली उतरते आणि फिरता फिरता उष्णता बाहेर पोचवते. असा डबा हाताला चटका देत नाही, त्यापलीकडे त्याच्याकडून फार मागू नये. दुसरा प्रकार फोमचा. पॉलियुरेथेन फोममध्ये अतिसूक्ष्म बंद बुडबुडे असतात, त्यांत अडकलेल्या वायूला फिरायला जागाच नसते. स्टीलपेक्षा हा फोम उष्णता कित्येक शेकडो पटींनी कमी वाहून नेतो. तिसरा व्हॅक्यूमचा, म्हणजे दोन पत्र्यांमधली हवाच काढून टाकलेला. जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञानं १८९२ मध्ये प्रयोगशाळेसाठी असं निर्वात भांडं केलं आणि पुढे त्याचाच थर्मास झाला.

मग व्हॅक्यूम सर्वांत चांगलं, नाही का? बाटलीसाठी निर्विवाद. बाटलीचं तोंड चिंचोळं असतं, बहुतेक सगळा पृष्ठभाग निर्वात भिंतीचा. वाढायच्या भांड्याचं तोंड मात्र चांगलं पसरट लागतं आणि त्यावरच्या झाकणात बहुधा व्हॅक्यूम नसतोच, फोम किंवा हवाच असते. भिंतीनं राखलेलं झाकण उधळून टाकतं. व्हॅक्यूमचा डबा टिकाऊ असतो, बारीक भिंतीमुळे जागा कमी अडवतो, हे सगळं खरं. पण दोन-तीन तासांसाठी आणि हात आखडून खर्च करताना, जाड झाकणाचा फोमवाला कॅसरोल मला जास्त शहाणपणाचा वाटतो.

सेट का नको, ते आता. एखाद्या भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली, तर बाहेरचा पृष्ठभाग चौपट होतो आणि आतली जागा आठपट. उष्णता जाते पृष्ठभागातून आणि साठते आतल्या अन्नात. म्हणून लहान भांडं लवकर निवतं आणि तेवढंच अन्न तीन लहान डब्यांत वाटलं तर एका मोठ्यातल्यापेक्षा कितीतरी लवकर थंड होतं. सेटमधला सर्वांत लहान डबा तर बहुतेक घरांत सुकामेव्यासाठी किंवा सुट्या पैशांसाठी वापरला जातो. तेवढ्याच पैशांत एक चांगला डबा मिळत असताना ही चैन कशाला?

पण ‘मोठा चांगला’ म्हणून अति मोठाही आणू नका. डबा निदान तीन चतुर्थांश भरला पाहिजे. अर्धा रिकामा राहिला तर वरच्या मोकळ्या जागेत वाफ साचते, झाकणाला लागून तिचं पाणी होतं आणि तेवढी उष्णता गेलीच. पसरट डब्यापेक्षा थोडा खोल बरा, कारण अन्नाचा उघडा पृष्ठभाग कमी राहतो. तुमच्या घरचं माप काढायला एक संध्याकाळ पुरे. सातला आईंना वाढलंत, मुलाचा वाटा काढलात, की पातेल्यात उरलेलं अन्न कुठपर्यंत आहे ते लक्षात ठेवा. पातेलं धुतल्यावर तिथपर्यंत पाणी भरा आणि ते पाणी मोजा. दीड लिटर भरलं तर दोन लिटरचा डबा तुम्हाला बरोबर होईल. पाच जणांचा हिशोब धरलात तर उगाच मोठा घ्याल, कारण त्यातून जेवणारी माणसं तीनच आहेत. दुकानात बाहेरच्या आकारावर जाऊ नका. फोमच्या जाडीमुळे डबा दिसतो मोठा, आत मावतं कमी. लिटरचा आकडा वाचा, आणि तो काठोकाठ भरल्यावरचा असतो हे धरून चाला.

सुकं आणि पातळ एकाच वेळी गरम ठेवायचं असेल, तर दुसरा डबा नंतर, गरज पटल्यावर घ्या. पातळ पदार्थ उष्णता जास्त धरतात, सुके लवकर निवतात, म्हणून पहिला नंबर मी सुक्याला देईन. रस्सा किंवा सूप पातेल्यात एका उकळीत तयार होतं, चवही फारशी बिघडत नाही. तव्यावरचे पदार्थ ठेवणार असाल तर आधी मिनिटभर जाळीवर वाफ जाऊ द्या आणि खाली-वर स्वच्छ सुती फडकं ठेवा, नाहीतर तळाचे चिकट होतात. कुरकुरीत तळलेलं मात्र कुठल्याच बंद डब्यात ठेवू नये. ते गरम राहील, पण कुरकुरीत राहणार नाही.

आतून प्लॅस्टिक की स्टील? तळाला त्रिकोणात ५ हा आकडा असलेलं पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे उकळत्या अन्नाला ते सहज टिकतं. कढईतून थेट काढलेल्या गरम तेलकट पदार्थाला मात्र नाही. तो आकडा फक्त प्लॅस्टिकचा प्रकार सांगतो. अन्नासाठी योग्य असल्याचं वेगळं लिहिलेलं किंवा पेला-काट्याचं चिन्ह असायला हवं. तरीही मी स्टीलच घ्यायला सांगेन, कारण प्लॅस्टिकवर चमच्यानं ओरखडे पडतात आणि त्यांत तेल, रंग, वास सगळं मुरतं. स्टीलवर ३०४ किंवा १८/८ लिहिलेलं असेल तर त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं आणि ते सहसा गंजत नाही. लोहचुंबक लावून पारखायची पद्धत फार भरवशाची नाही. चांगलं स्टीलही ठोकून-दाबून आकार देताना थोडंसं चुंबकीय होऊ शकतं.

आता वास. त्याची कारणं बहुधा तीन असतात. रिंगेच्या खोबणीत अन्नाचा ओशटपणा साचतो, ओला डबा झाकण लावून ठेवला जातो, किंवा कवच आणि आतल्या भांड्याच्या जोडातून पाणी फोमपर्यंत पोचतं. पहिल्या दोन्हींवर उपाय आहे : रिंग दर वेळी काढून धुवायची, आणि डबा ठेवून देताना झाकण शेजारी, उघडं. वास बसलाच तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवा. तिसऱ्यावर उपाय नाही. हलवल्यावर भिंतीत पाण्याचा आवाज आला किंवा डबा नेहमीपेक्षा जड लागला, की तो गेला. म्हणून फोमचा कॅसरोल कधी पाण्यात बुडवून ठेवू नये आणि डिशवॉशरला चालतो असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर त्यात घालू नये. घेतानाच काठाचा जोड नखानं चाचपून बघा. फट लागली तर दुसरा मागा. तुमचा जुना डबाही बहुधा याच वाटेनं गेला असावा.

वापरताना सर्वांत मोठा फरक एका फुकटच्या सवयीनं पडतो. अन्न भरण्याआधी डब्यात उकळतं पाणी ओतून, झाकण लावून पाच-दहा मिनिटं ठेवा. मग पाणी फेका, पुसा आणि गॅसवरून उतरलेलं अन्न लगेच भरा. हे केलं नाही तर थंड भिंत तापवण्यातच अन्नाची पहिली उष्णता खर्ची पडते. नऊला उघडलात की तुमचं वाढून लगेच झाकण लावा. ‘किती उरलंय’ म्हणून मधूनच डोकावायचं नाही.

एक सुचवू? खरेदीच्या आधी आठवडाभर विनाखर्चाचा प्रयोग करा. जाड बुडाचं पातेलं, घट्ट झाकण, त्याभोवती दोन जाड टॉवेल गुंडाळायचे आणि सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचं, शेगडीपासून लांब. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये इंधन वाचवायला लोक गवत भरलेल्या पेटीत उकळतं पातेलं ठेवून त्यात अन्न शिजवतसुद्धा असत. नऊपर्यंतचं तुमचं काम यानं भागलं तर पैसे वाचले.

भागलं नाही तर कॅसरोल आणा, आणि त्याच्याबरोबर स्वयंपाकघरातला एक साधा थर्मामीटर. बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात तो शून्य दाखवतो का ते आधी बघा. मग डबा तापवून घ्या, तीन चतुर्थांश उकळतं पाणी भरा आणि दोन तासांनी तापमान मोजा. पाणी उष्णता चांगली धरतं, त्यामुळे सुक्या अन्नाचा आकडा याहून कमीच येणार. दोन तासांनी पाणीच ६५च्या आसपास आलं असेल तर डबा परत करा. ७५-८० असेल तर ठेवा, आणि पहिल्या दिवशी नऊ वाजता खऱ्या अन्नाचंही तापमान घ्या. ते ६०च्या बरंच वर असेल तर मुलीसाठी तसंच ठेवा आणि ती आल्यावर पुन्हा एकदा मोजा. साठला टेकलं असेल तर तिचा वाटाही भावाच्या डब्याशेजारी फ्रिजमध्ये जाऊ द्या. ही चाचणी होईपर्यंत पावती फेकू नका.